लेथयंत्राचा हातचा

प्राथमिक शाळेंत बेरीज शिकवितांना मास्तर एक गोष्ट मुलांच्या मनावर पुन्हां पुन्हां ठसवीत असतात. एककाच्या घरांतून आलेला हातचा दशकाच्या घरांत मिळवावयाचा, आणि एकदां मिळविला कीं तो सोडून द्यावयाचा. हातचा मिळवावयास जो विसरतो त्याचें उत्तर चुकतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु मिळविलेला हातचा जो सोडीत नाहीं, आणि पुढच्या घरांतही तोच पुन्हां धरतो, त्याची चूक शोधून काढणें अधिक कठीण असतें; कारण त्याचें प्रत्येक घर एकेकटें पाहिलें तर बरोबरच दिसतें. श्रोतेहो, आज मी ज्या यंत्राविषयीं बोलणार आहें त्या यंत्राच्या इतिहासांत या न सोडलेल्या हातच्यानें पुष्कळ धातु वायां घालविला आहे, आणि क्वचित् माणसांच्या जिवावरही बेतलें आहे. तें यंत्र म्हणजे लेथ. विशेषेंकरून आंकड्यांच्या आज्ञेनें चालणारा, सी. एन. सी. या तीन अक्षरांनीं ओळखला जाणारा लेथ.

लेथ म्हणजे काय हें सांगावयास फार दूर जावयास नको. सावंतवाडीचीं लाखेचीं खेळणीं ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांनीं कातकाम पाहिलेंच आहे. लांकूड स्वतःभोवतीं फिरतें, आणि कातारी आपल्या हातांत धरलेलें हत्यार त्यास टेकवितो. येथें हत्यार आणि माणूस यांच्यामध्यें कोणी मध्यस्थ नाहीं. धार बोथट झाली तर तें कातार्‍याच्या मनगटास कळतें, आणि मनगट तेवढेंच अधिक दाबलें जातें. भरपाई किती केली याचा आंकडा नाहीं, आणि ती रद्द करण्याचाही प्रश्न नाहीं. हात उचलला कीं ती संपली.

धातूच्या कामांत ही रीत फार काळ पुरी पडण्यासारखी नव्हती. लंडनमध्यें जोसेफ ब्रामा या प्रख्यात कुलुपें करणार्‍या कारागिराच्या कारखान्यांत हेन्री मॉड्स्ले नांवाचा एक तरुण मुख्य कामगार होता. कुटुंब वाढलें तेव्हां त्यानें आठवड्याच्या तीस शिलिंगांवर थोडी वाढ मागितली. ती मिळाली नाहीं, म्हणून १७९७ सालीं त्यानें नोकरी सोडून स्वतःचें दुकान थाटलें. पगारवाढ नाकारल्याचे परिणाम इतके दूरवर गेल्याचीं उदाहरणें इतिहासांत थोडीं असतील. इ. स. १८०० च्या सुमारास त्यानें केलेला स्क्रू कापण्याचा लेथ लंडनच्या सायन्स म्यूझियममध्यें आहे. हत्यार हातांत न धरतां सरकत्या बैठकीवर घट्ट बसवावें ही कल्पना त्याच्या पूर्वींही कांहींच्या डोक्यांत आली होती; परंतु ती बैठक, अचूक स्क्रू आणि संपूर्ण लोखंडी बांधणी या तिहींचा मेळ घालून ती रोजच्या कामाची गोष्ट करण्याचें श्रेय मॉड्स्लेकडेच जातें. त्याच्या कार्यशाळेंत एक मापनयंत्र असे. मापाविषयीं वाद झाला तर त्याचा निकाल शेवटचा, म्हणून त्यास विनोदानें ‘लॉर्ड चॅन्सेलर’ म्हणत. पुढें स्क्रूच्या आट्यांचें प्रमाण ठरवून देणारा जोसेफ व्हिटवर्थ हाही याच कारखान्यांत तयार झालेला.

मॉड्स्लेनें हत्यार माणसाच्या हातांतून काढून घेतलें, आणि त्याच्या हातीं एक मूठ व मुठीजवळ आंकड्यांची चकती दिली. आमच्या आजच्या विषयाचा उगम येथें आहे. चकती सांगते कीं हत्यार अमुक जागीं आहे. परंतु हत्याराची धार किंचित् झिजली असेल, अथवा नवें हत्यार बसवितांना तें केसभर मागें बसलें असेल, तर चकतीचें सांगणें आणि धातूवरचें माप यांत फरक पडतो. जुना लेथकामगार हा फरक डोक्यांत ठेवी. ‘आज दोन रेघा जास्त घ्यावयाच्या’ असें मनाशीं म्हणून तो काम करी, आणि हत्यार बदललें कीं त्या दोन रेघा विसरून जाई. हें विसरणें इतकें स्वाभाविक होतें कीं त्यास कोणी कौशल्य म्हणून नांवही दिलें नाहीं.

आतां दीडशें वर्षें ओलांडून आपणांस अमेरिकेंत, मिशिगन संस्थानांतील ट्रॅव्हर्स सिटी या गांवीं जावयाचें आहे. जॉन पार्सन्स हा तेथला कारखानदार. कॉलेजची पदवी त्याच्याजवळ नव्हती. हेलिकॉप्टरच्या डोक्यावर फिरणार्‍या पात्यांचें काम त्यास मिळालें होतें. या पात्यांचा आडवा छेद वक्र असतो, आणि तो वक्र काढण्यासाठीं आराखड्यावर १७ बिंदु दिलेले असत. मधली रेषा कारागिरानें हातानें जुळवावयाची. पार्सन्सचा सहकारी फ्रँक स्टुलेन हा छिद्रें पाडलेल्या कार्डांवर हिशेब करणारीं यंत्रें वापरीत असे. पार्सन्सनें त्यास विचारलें कीं या यंत्रांकडून १७ च्या जागीं २०० बिंदु काढून मिळतील काय. आणि प्रत्येक बिंदु कापणार्‍या हत्याराच्या त्रिज्येइतका बाजूला सरकवून मिळेल काय?

श्रोत्यांनीं या प्रश्नाच्या दुसर्‍या भागाकडे लक्ष द्यावें. हत्याराचा मध्य आणि हत्याराची धार या दोन वेगळ्या जागा आहेत. यंत्र मध्याला चालवितें, पण कापते ती धार. म्हणून वस्तूचा आकार आणि हत्याराचा मार्ग यांत नेहमीं एक अंतर राहतें. या अंतराला कारखान्यांत ऑफसेट म्हणतात. मी त्यास भरपाई म्हणेन. आंकड्यांनीं यंत्र चालविण्याची कल्पना ज्या दिवशीं निघाली त्याच दिवशीं भरपाईचा प्रश्नही तिच्याबरोबर जन्मास आला.

पहिले प्रयोग मोठे मौजेचे होते. एक मनुष्य कागदावरील आंकडे मोठ्यानें वाची, आणि दोघे कामगार यंत्राच्या दोन बाजूंना उभे राहून आपापली मूठ त्या त्या आंकड्यापर्यंत फिरवीत. पुढें वाचणार्‍याच्या जागीं यंत्र आणावें असें ठरलें. १९४९ सालीं अमेरिकेच्या हवाई दलाचें कंत्राट पार्सन्सला मिळालें, आणि त्यानें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेची मदत घेतली. त्या विद्वानांनीं काम उत्तम केलें, पण अल्पकाळांतच पार्सन्स बाजूला पडला. १९५२ च्या सप्टेंबरांत संस्थेनें छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालणारें मिलिंग यंत्र जगाला दाखविलें. पार्सन्स आणि स्टुलेन यांचें पेटंट १९५८ च्या जानेवारींत मंजूर झालें, आणि राष्ट्राचें पदक मिळावयास १९८५ साल उजाडलें. कल्पना कोणाची आणि कीर्ति कोणाची, हा प्रकार विद्वानांच्या जगांतही चालतो.

त्याच काळांत दुसराही एक मार्ग निघाला होता, त्याचा येथें उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. कुशल कामगारानें एक वस्तु स्वतः करावयाची, त्याच्या हाताच्या सर्व हालचाली चुंबकीय फितीवर नोंदवावयाच्या, आणि मग फितीनें त्या जशाच्या तशा पुन्हां करून दाखवावयाच्या. या रीतींत कामगाराची भरपाई त्याच्या हालचालींतच मुरलेली असे. आंकड्यांच्या रीतीपुढें ही रीत मागें पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकारानें १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें आहे कीं, यामागें केवळ यंत्रशास्त्र नव्हतें. कामावरची सत्ता कामगाराकडून कचेरीकडे नेण्याची इच्छाही होती. मला त्याचें म्हणणें सर्वस्वीं पटत नाहीं, कारण हेलिकॉप्टरच्या पात्याचा वक्र कोणाच्याही हाताला अचूक साधण्यासारखा नव्हता. तरी एक गोष्ट खरी कीं, कागदी पट्टी लिहिणारा कचेरींत बसूं लागला, आणि हत्यार झिजतें तें मात्र कारखान्यांत.

पट्टीवर एकदां छिद्रें पाडलीं कीं तीं बदलत नाहींत. पण धार रोज झिजते. ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा कातावयाचा आहे आणि तो ५०·०४ भरतो आहे, म्हणून कोणी नवी पट्टी तयार करावयास बसणार नाहीं. यासाठीं यंत्राच्या कपाटावर बोटानें फिरवावयाच्या आंकड्यांच्या चकत्या बसविण्यांत आल्या. कामगारानें चकतीवर उणें ०·०४ लावावें, आणि यंत्रानें पट्टीवरच्या प्रत्येक आंकड्यांत तेवढें वजा करून चालावें. ज्या कामगाराला आंकड्यांनीं बाजूला सारलें होतें, त्याला पुन्हां आंत येण्यासाठीं ही एक लहानशी खिडकी ठेवावी लागली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

आतां हातच्याचा घोटाळा पाहा. त्या काळच्या पद्धतींत प्रोग्रॅमच्या आरंभीं यंत्राला सांगत कीं, ‘तूं आतां जेथें उभा आहेस ती व्यासाची २०० ची जागा समज.’ मग तें ५० वर जाऊन कातकाम करी आणि शेवटीं २०० वर परत येई. परंतु परत येतांना भरपाई चालूच असेल, तर तें प्रत्यक्षांत १९९·९६ वर येऊन उभें राही. प्रोग्रॅम संपला कीं पुष्कळ यंत्रांत भरपाई आपोआप पुसली जाई. पण ती आंकड्यांतून पुसली जाई, सरकबैठक मात्र जेथें होती तेथेंच राही. दुसरा दांडा घेतांना तीच १९९·९६ ची जागा पुन्हां २०० म्हणून धरली जाई, आणि तिच्यावर पुन्हां ०·०४ ची भरपाई. पहिला दांडा ५०·०० चा, दुसरा ४९·९६ चा, तिसरा ४९·९२ चा. आणि सव्विसावा दांडा बरोबर एक मिलिमीटरानें बारीक! प्रत्येक वेळीं यंत्रानें आज्ञा तंतोतंत पाळलेली, पट्टी निर्दोष, चकती निर्दोष. यावर उपाय एकच होता: भरपाई रद्द करण्याची आज्ञा परतीच्या हालचालीबरोबरच द्यावयाची, म्हणजे आंकडा आणि जागा या दोहोंतूनही हातचा सुटे.

ही आज्ञा कशी लिहितात तेंही सांगतों. प्रचलित पद्धतींत टी या अक्षरापुढें चार आंकडे असतात. पहिले दोन हत्याराचा क्रमांक सांगतात आणि पुढचे दोन भरपाईचा. टी-०१०१ म्हणजे पहिलें हत्यार, पहिली भरपाई. टी-०१०० म्हणजे हत्यार तेंच, पण भरपाई शून्य. दोन शून्यांचा फरक. पण त्या दोन शून्यांची जागा चुकली तर काय होतें तें पुढें येईलच.

जपानांत सेइउमोन इनाबा या एंजिनियराच्या नेतृत्वाखालीं फुजित्सु कंपनीनें १९५६ सालीं असें नियंत्रण तयार केलें, आणि १९७२ सालीं त्या विभागाची फानुक ही स्वतंत्र कंपनी झाली. त्याच दशकांत नियंत्रणाच्या कपाटांत संगणक शिरला, आणि चकत्या गेल्या. भरपाईचे आंकडे पडद्यामागच्या स्मृतींत जाऊन बसले. सोय अपार झाली, यांत शंका नाहीं. मात्र चकतीवरचा आंकडा येतांजातां डोळ्यांना दिसत असे. स्मृतींतला आंकडा तें पान उघडल्याशिवाय दिसत नाहीं. शिवाय ही स्मृति बॅटरीवर जिवंत असते, त्यामुळें वीज गेली तरी ती पुसली जात नाहीं. काल संध्याकाळीं झिजलेल्या धारेसाठीं दिलेली भरपाई आज सकाळीं नव्या धारेलाही तितक्याच निष्ठेनें लागू होते. आणखी असें कीं, आतां भरपाया दोन प्रकारच्या झाल्या. एक झिजेची, शतांश मिलिमीटरांची. दुसरी हत्याराच्या लांबीरुंदीची, जी दहा, पन्नास किंवा शंभर मिलिमीटरांचीही असते. पहिलीच्या चुकीनें वस्तु बिघडते, दुसरीच्या चुकीनें यंत्र फुटतें.

आपल्याकडे लेथ नवे नाहींत. किर्लोस्करांनीं १९४१ सालीं हरिहर येथें म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना काढला आणि तेथें लेथ होऊं लागले. १९५३ सालीं बंगलोरला सरकारी हिंदुस्थान मशीन टूल्स निघाला. आज पुण्याच्या आसपास लहान लहान गाळ्यांतूनही सी. एन. सी. लेथ चालतांना दिसतात. अशाच एका गाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी सेटरचें काम करतो. त्यानें मला एकदां आग्रहानें नेलें. कांचेच्या दारामागें पांढर्‍या पाण्याचा फवारा चाललेला, आणि आंत क्षणार्धांत कातली जाणारी पोलादाची दांडी. मी थक्क होऊन पाहत होतों. तो म्हणाला, “सर, कापतांना भीति नसते. भीति असते ती हत्यार परत येतांना.”

मग त्यानें आपल्या पहिल्या नोकरीतली हकीगत सांगितली. एक जाड नळी आंतून कातावयाची होती. त्यासाठीं लांब दांडीचें हत्यार नळीच्या पोटांत जातें. प्रोग्रॅम लिहिणार्‍या मुलानें कापणें संपतांच, हत्यार अजून नळीच्या आंत असतांनाच, भरपाई रद्द करण्याची ओळ घातली. जुनें यंत्र, त्याची रीत अशी कीं, भरपाई रद्द म्हणतांच तेवढें अंतर उडी मारावयाचें. त्या भरपाईंत हत्याराच्या बसणीचाही हिशेब असल्यानें ती कित्येक मिलिमीटरांची होती. दांडी नळीच्या भिंतीवर आदळून मोडली, आणि तुकडा दारावर आला. दार बंद होतें म्हणून समोरचा मुलगा वांचला.

“दुसर्‍या तर्‍हेचीं यंत्रें उडी मारीत नाहींत,” तो पुढें म्हणाला, “पण तीं अधिक फसवीं. भरपाई काढली तरी जागच्या जागीं स्वस्थ उभीं राहतात, आणि पुढची आज्ञा आली कीं सगळा फरक तेव्हां वसूल करतात. माणूस तोंवर निर्धास्त झालेला असतो.”

त्याची स्वतःची रीत मीं विचारून घेतली, ती अशी. आधीं हत्यार वस्तूपासून दूर. बाहेरून कातत असेल तर प्रथम व्यासाच्या दिशेनें वर, आणि नळीच्या आंत असेल तर प्रथम लांबीच्या दिशेनें सरळ बाहेर. आडवें मुळींच नाहीं. मग हत्यार बदलण्याच्या मोकळ्या जागीं, जेथें चक किंवा टेलस्टॉक आड येणार नाहीं इतक्या अंतरावर, त्या हालचालीबरोबर टी-०१००. संदर्भबिंदूकडे परत जाण्याची आज्ञा द्यावयाची असेल तर तिच्यापूर्वींच भरपाया काढलेल्या असाव्यात, असें नियंत्रणाच्या पुस्तकांतही सांगितलेलें असतें. आणि प्रोग्रॅम नवा असला तर एकेक ओळ थांबवून, वेग अगदीं कमी ठेवून, पडद्यावर ‘अजून किती अंतर बाकी’ हा आंकडा वाचीत पुढें जावयाचें. उरलेलें अंतर डोळ्यांना दिसणार्‍या अंतराहून जास्त दिसलें तर बोट थांबविण्याच्या बटणावर हवें.

आणखी एक भरपाई राहिली. लेथच्या हत्याराचें टोंक सुईसारखें नसतें. तें किंचित् गोल असतें, ०·४ किंवा ०·८ मिलिमीटर त्रिज्येचें. सरळ कातकामांत हें जाणवत नाहीं. परंतु ४५ अंशांची तिरकी कड काढतांना ०·८ त्रिज्येचें टोंक सुमारें ०·३३ मिलिमीटर धातु शिल्लक ठेवतें. ज्यांना भूमितीची आवड असेल त्यांनीं दोनच्या वर्गमुळांतून एक वजा करून त्या त्रिज्येनें गुणून पाहावें. हा फरक भरून काढण्यासाठीं जी-४१ व जी-४२ या आज्ञा आहेत. एक मार्गाच्या डाव्या बाजूस, दुसरी उजव्या बाजूस. दोन्हीही रद्द करणारी आज्ञा जी-४०. हीदेखील वाटेल तेथें देतां येत नाहीं. ती सरळ रेषेच्या चालींतच द्यावी लागते. वर्तुळाकार वळणावर दिली तर यंत्र बहुधा तक्रार करून थांबतें. ती चाल टोंकाच्या त्रिज्येहून लांब असावी, आणि मोकळ्या हवेंत असावी. हत्यार खांद्याला टेकलेलें असतांना जी-४० म्हटलें तर गोल टोंक आपली जागा बदलतांना खांद्यांतच घुसतें, आणि चांगल्या वस्तूवर एक बारीक खांच ठेवून जातें.

या जी-अक्षरी आज्ञांचीं प्रमाणें अमेरिकेंत १९६० नंतरच्या वर्षांत ठरूं लागलीं, आणि त्यांची सुधारलेली आवृत्ति १९८० सालीं मान्य झाली. कागदी पट्ट्या आतां कारखान्यांतून गेल्या. पण माझ्या विद्यार्थ्यानें मला आपला प्रोग्रॅम पडद्यावर दाखविला तेव्हां त्याच्या अगदीं वरच्या ओळींत, अजून कोणतेंही हत्यार हललें नसतांना, जी-४० लिहिलेलें होतें. मीं विचारलें, “अजून भरपाई दिलीच नाहीं, मग रद्द कशाची करतोस?” तो म्हणाला, “माझ्या आधींच्या पाळीला या यंत्रावर कोण होतें, आणि त्यानें मधेंच थांबवून काय ठेवलें, तें मला कोठें ठाऊक आहे, सर?” आणि त्यानें भरपायांचें पान उघडून एकेक आंकडा कागदावरील यादीशीं ताडून पाहावयास सुरुवात केली.